ब्लॉब कॉलममधले फोटो अर्धेच का दिसतात, आणि फोटो ठेवावेत तरी कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचपी-मायएसक्यूएलमध्ये सभासद नोंदणीचा फॉर्म आहे आणि फोटो ‘ब्लॉब’ (फाइलीसारखा कच्चा डेटा ठेवणाऱ्या) कॉलममध्ये जातो. लहान फोटो नीट दिसतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोंचा वरचा थोडा भाग दिसतो, बाकी राखाडी. काही फोटो तर पोचतच नाहीत आणि एररही येत नाही. मग फोटो डेटाबेसमध्ये ठेवावेत की फोल्डरमध्ये?

राखाडी भागाचं कारण कॉलमच्या प्रकारात आहे. मायएसक्यूएलच्या साध्या ‘ब्लॉब’मध्ये फक्त 65,535 बाइट मावतात, आणि मोबाइलचा फोटो सहज 2 ते 5 एमबीचा असतो. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर जास्तीचा भाग कापला जातो आणि फक्त वॉर्निंग मिळते, तीही आपण मुद्दाम वाचली तरच. साधी जेपीईजी फाइल वरून खाली उलगडत जाते, म्हणून पोचला तेवढा वरचा भाग दिसतो. कॉलम ‘मीडियमब्लॉब’ करा, त्यात 16 एमबी मावतात. ‘लाँगब्लॉब’ची इथे गरज नाही. एसक्यूएल मोडमध्ये ‘स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स’ही चालू करा, म्हणजे पुन्हा असं झालं तर गुपचूप कापण्याऐवजी सरळ एरर येईल. मायएसक्यूएल 5.7 पासून तो मुळातच चालू असतो, तेव्हा तुमच्याकडे एक तर आवृत्ती जुनी आहे किंवा कुणीतरी तो बंद केला आहे.

कापला गेलेला भाग मात्र परत येत नाही. फोटोची ‘लेंग्थ’ नेमकी 65535 असलेल्या ओळी शोधा. ते सगळे तुटके फोटो, आणि त्या सभासदांकडून फोटो पुन्हा मागवावेच लागतील.

न पोचणाऱ्या फोटोंची गोष्ट वेगळी. लहान फोटो येतायत म्हणजे फॉर्मचा ‘एनक्टाइप’ (डेटा कोणत्या रूपात पाठवायचा ते सांगणारा गुणधर्म) बरोबर ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ आहे, तिकडे शोधू नका. मर्यादा पाहा. पीएचपीत ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ मुळात 2 एमबी आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ 8 एमबी असते. पहिली ओलांडली तर ‘फाइल्स’ अ‍ॅरेमध्ये एरर कोड 1 मिळतो. दुसरी ओलांडली तर ‘पोस्ट’ आणि ‘फाइल्स’ हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात. मग ‘सबमिट बटण आलंय का’ ही तुमची अट खोटी ठरते आणि पान जणू काही घडलंच नाही असं पुन्हा उघडतं. म्हणून रिक्वेस्टची पद्धत पोस्ट असूनही अ‍ॅरे रिकामा असेल, तर ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश स्वतः दाखवा. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मर्यादा मुळात 1 एमबीच असते आणि तो 413 हा एरर देतो. मायएसक्यूएलचं ‘मॅक्स_अलाउड_पॅकेट’ही (एका वेळी तो किती डेटा स्वीकारतो ती मर्यादा) तपासा: 5.7 मध्ये ते 4 एमबी होतं, 8.0 मध्ये 64 एमबी झालं.

आता मूळ प्रश्न. माझं स्पष्ट मत: कुठे ठेवायचं हे ठरवण्याआधी काय ठेवायचं ते ठरवा. सभासदाच्या फोटोला 4 एमबी कशाला हवेत? 600 पिक्सेल रुंदी आणि 80 क्वालिटीची जेपीईजी साधारण 100 केबीच्या आसपास बसते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने 2006 मध्ये एसक्यूएल सर्व्हरवर मोजून पाहिलं होतं, तेव्हा 256 केबीपेक्षा लहान फाइलींना डेटाबेस सरस ठरला होता आणि 1 एमबीच्या पुढे फाइल सिस्टिम, म्हणजे फोल्डर. म्हणजे फोटो लहान केलात की डेटाबेसही चालेल, फक्त फोटोचं टेबल वेगळं ठेवा, नाहीतर यादीच्या पानावरची ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम मागणारी) क्वेरी प्रत्येक वेळी सगळे फोटो ओढत बसेल.

लहान करताना दोन गोष्टी सांभाळा. पीएचपीची चित्रांवर काम करणारी जीडी लायब्ररी फोटो मेमरीत पूर्ण उलगडते, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट. 4000 × 3000 चा फोटो म्हणजे 48 एमबी. आजच्या फोनचा 108 मेगापिक्सेलचा फोटो 430 एमबीच्या पुढे जातो, आणि पीएचपीची मेमरी मर्यादा मुळात 128 एमबी असते. म्हणून उघडण्याआधी ‘गेटइमेजसाइझ’ने लांबी-रुंदी बघा आणि फार मोठा फोटो तिथेच नाकारा. दुसरं, बहुतेक फोन फोटो फिरवत नाहीत, फक्त एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच असलेल्या माहितीत) दिशा लिहून ठेवतात. जीडीने पुन्हा सेव्ह केला की एक्झिफ जातं आणि उभा फोटो आडवा होतो. आधी दिशा वाचा: 6 असेल तर उजवीकडे 90 अंश, 8 असेल तर डावीकडे, 3 असेल तर 180. ‘इमेजरोटेट’ डावीकडे फिरवतं, त्यामुळे 6 साठी उणे 90 द्या. एक्झिफ जाण्याचा फायदाही आहे: त्यात सभासदाच्या घराचं जीपीएस ठिकाण असू शकतं, ते आपोआप पुसलं जातं.

तरीही मी फोल्डरच निवडेन, कारण डेटाबेसचा बॅकअप हलका राहतो. फोल्डर वेबच्या मुळाबाहेर (ब्राउझरला थेट उघडता येणार नाही अशा जागी) ठेवा, फोटो लॉगिन तपासणाऱ्या स्क्रिप्टमधून द्या आणि टेबलमध्ये फक्त फाइलचं नाव साठवा. नाव वापरणाऱ्याने दिलेलं घेऊ नका, ‘रँडम_बाइट्स’ने 16 बाइट काढून त्याची हेक्समधली 32 अक्षरं वापरा. फाइलचा प्रकार ब्राउझर सांगतो त्यावर विसंबू नका, फाइलमधला मजकूर पाहून प्रकार ओळखणाऱ्या ‘फाइनफो’ने तपासा. आधी फाइल लिहा, मग ओळ, आणि ओळ फसली तर फाइल काढून टाका.

डेटाबेसच ठेवणार असाल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि डेटा वेगवेगळे पाठवायची पद्धत) वापराच. पीएचपीच्या मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शनमध्ये फोटो ‘बी’ (ब्लॉब) प्रकाराने बाइंड केला, म्हणजे क्वेरीला जोडला, आणि ‘सेंड_लाँग_डेटा’ विसरलात तर कॉलममध्ये फोटो जातच नाही. लहान फोटोला ‘एस’ (स्ट्रिंग) प्रकार पुरतो. बेस64 करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, ठेवू नका, आकार उगाच एक तृतीयांशाने वाढतो. आणि दाखवताना फोटो तुटलेला दिसला तर पीएचपी टॅगच्या आधी एखादी मोकळी ओळ किंवा बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) आहे का बघा. बऱ्याचदा ते तेवढंच असतं.