गुरुवार संध्याकाळचा कप्पा

तुझं पत्र दोनदा वाचलं. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं ६ वर्षं तू सगळं केलंस, आणि ते गेले तेव्हा तू नेमकी तासाभरासाठी बँकेत गेली होतीस. दहाव्याला कृष्णाकाठी कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून ‘मी घरी असते तर’ एवढंच डोक्यात फिरतंय. ८ महिने झाले तरी संध्याकाळी ७ चा गोळ्यांचा गजर तू बंद केलेला नाहीस. ‘बाबांशिवाय मी कोण, तेच कळत नाही,’ म्हणतेस. मला मावशी म्हणालीस, म्हणून मोकळेपणानं बोलते.

आधी कावळ्याचं. दर्भाचा कावळा करायची रीत पडली, म्हणजे तुझ्याआधी किती घरांच्या पिंडाला कावळा शिवला नसेल! त्यात बाबांची नाराजी शोधू नकोस.

आता जरा बोचेल. ‘मी असते तर’ यात बाबा थोडे आहेत गं, तूच जास्त आहेस. त्यांना भरवणं, कुशीवर वळवणं, औषधं, सगळं तुझ्या हातात होतं, म्हणून मरणही तुझ्याच हातात होतं असं वाटतंय. ते कधीच नव्हतं. आहुती देताना ‘न मम’ म्हणतात, माझं नाही. त्याचा अर्थ मला आई गेल्यावर उमगला. तिची केलेली सेवा ही माझी कमाई, असं धरून मी दोन वर्षं कुढत बसले होते. ‘मीच बघते सगळं’ म्हणणाऱ्या त्या मुलीला आता मोकळं कर. फार दमली आहे ती.

डब्यातल्या गुरुवार संध्याकाळच्या कप्प्यात दोन गोळ्या तशाच आहेत, असं लिहिलंस. राहू देत. वॉकर आणि हवेची गादी मात्र देऊन टाक. रुग्णांना असं सामान थोड्याशा अनामतीवर वापरायला देणाऱ्या संस्था बऱ्याच गावांत असतात. कुणाच्या तरी पाठीला जखमा व्हायच्या वाचतील. पुण्याहून भावाला बोलाव, दोघं मिळून उचला. त्याचेही बाबा गेलेत. आणि रात्र रात्र डोळा लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गजर राहिला. ७ वाजता बाबांना भरवायचं आणि तू ९ ला ओट्याशी उभ्यानं खायचं, असं तूच लिहिलंयस. आता तो वाजला की ताट वाढून घे आणि बसून जेव.