झाडीमागे काय आहे, ते आधी बघा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पुण्याचे. सध्या ॲशबर्नला भाड्याने राहतो, मुलगी दुसरीत आहे. पुण्यात असताना रविवारचा सिंहगड चुकायचा नाही, त्यामुळे घर घेतलं तरी पायाखाली वाट हवीच. दोन टाउनहाउस मनात भरलीत. एकाच्या मागे दाट झाडी आहे, दुसरं मेट्रोजवळ असून मागे नुसता रस्ता. झाडीवाल्याचा भाव जास्त आहे. कुठलं घ्यावं? की व्याज उतरेपर्यंत थांबावं?
– एक जोडपं, ॲशबर्न, व्हर्जिनिया

उत्तर : झाडी बघून जीव हरखतो, मला ठाऊक आहे. पण जास्तीचे पैसे मोजण्याआधी ती झाडी कुणाच्या मालकीची आहे ते शोधा. तुमच्या लाउडन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि घर दाखवताना तो सहसा निघतच नाही. डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटचे हजारो संगणक ठेवायच्या इमारती, आणि त्यांची जगातली सगळ्यात दाट वस्ती तुमच्या ॲशबर्नच्या आसपास आहे. आजचं रान उद्या सपाट होऊन तिथे बिनखिडक्यांची भलीमोठी इमारत उभी राहू शकते. छपरावरचे पंखे रात्रंदिवस घुमतात, वर डिझेल जनरेटरच्या चाचण्या असतात. पूर्वी बऱ्याच जागी जनसुनावणीशिवायच परवानगी मिळायची. २०२५ मध्ये काउंटीच्या मंडळाने नियम बदलला, आता प्रत्येक नवा अर्ज त्यांच्यापुढे येतो. म्हणून जमीन पार्कची आहे, एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) आहे की खाजगी, आणि तिचं झोनिंग काय, म्हणजे तिथे काय बांधायला परवानगी आहे, हे काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर प्लॉट उघडून बघा. डलस विमानतळाच्या आवाजाचे पट्टेही काउंटीने आखलेत, तेही तपासा. मग एखाद्या रात्री दहानंतर त्या घराच्या मागे जाऊन शांत उभे राहा. दिवसाच्या ओपन हाउसमध्ये ते कळत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं : याच डेटा सेंटरच्या करामुळे आपल्या घरपट्टीचा दर आटोक्यात आहे.

माझं मत मेट्रोजवळच्या घराकडे झुकतं, पण एका अटीवर. तिथून डब्ल्यू अँड ओडी ट्रेल या चालायच्या-सायकलच्या वाटेवर मुलीला मोठा रस्ता न ओलांडता सायकल नेता आली पाहिजे. ही वाट म्हणजे १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेची पट्टी. अर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत ४५ मैल, आणि ती नोव्हा पार्क्स या सार्वजनिक उद्यान संस्थेच्या मालकीची, त्यामुळे तिच्यावर कुणी इमारत बांधणार नाही. (वरून विजेच्या तारा जातात, त्या सोसाव्या लागतात.) लीसबर्गच्या पश्चिमेला क्लार्क्स गॅपचा चढ लागतो, मग दोन्ही बाजूंना शेतं आणि घोडे. शेवटी पर्सेलव्हिलला जुनं रेल्वे स्टेशन. मला विचाराल तर लाउडनमध्ये याहून मोलाची जागा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत आली, त्यामुळे पुढे घर विकायला काढाल तेव्हा मेट्रो आणि ट्रेल दोन्ही तुमच्या बाजूने बोलतील.

व्याजाचं म्हणाल, तर निव्वळ त्यासाठी थांबू नका. २०२१ मध्ये तीस वर्षांचं कर्ज तीन टक्क्यांच्या आत मिळत होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तेच आठच्या जवळ गेलं. तीन टक्क्यांवाले आपलं घर सोडायला तयार नाहीत, म्हणून विक्रीला घरंच कमी. व्याज उतरलं की गिऱ्हाईकही वाढतं. घरपट्टी, विमा आणि एचओए धरून आजचा हप्ता झेपतोय का, एवढंच बघा. एचओएची कागदपत्रं हाती आली की रात्री बसून वाचून काढा, करार मोडायची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते.

आणि सिंहगडाची हौस? रूट ७ ने पश्चिमेला जा. काउंटीच्या सीमेवरच ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून ॲपलेशियन ट्रेल ही लांबलचक पायवाट जाते. बेअर्स डेनच्या कातळावरून पलीकडचं शेनान्डोआ खोरं दिसतं, तिथपर्यंत मुलगी सहज चालेल. रेव्हन रॉक्सला मात्र बरीच चढउतार आहे, ते थोडी मोठी झाल्यावर. सकाळी लवकर निघा, पार्किंग पटकन भरतं. घरी आल्यावर तिच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचीड नाही ना ते नीट बघा. इथली पिल्लं खसखशीएवढी असतात आणि त्यांच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार या भागात खूप आहे. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, आणि पुढे ताप किंवा लाल चट्टा आला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.