नाव दे, मग बघू

प्रिय मुली,

तुझ्या वयोगटात मुलींची वेगळी स्पर्धा नाही, म्हणून यंदा नाव द्यायचं नाही, असं तू लिहिलंयस. त्याआधी मॅज सायर्स या ब्रिटिश स्केटरची हकिगत वाच.

1902 मध्ये लंडनला फिगर स्केटिंगची, म्हणजे बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगची, जागतिक स्पर्धा भरली. तोवर तिथे फक्त पुरुष उतरत. पण बायकांनी उतरू नये, असं नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मॅजनं नाव दिलं आणि स्वीडनच्या उलरिक साल्कोवच्या खालोखाल दुसरी आली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं बायकांना बंदी केली. लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, हे त्यातलं एक कारण.

मला ते अजिबात पटत नाही. तेव्हा ठरावीक आकृत्यांना फार वजन होतं. बुटाखालच्या पात्यानं बर्फावर आठचा आकडा काढायचा, पुन्हा त्याच रेघेवरून जायचं, आणखी एकदा जायचं. मग परीक्षक वाकून बघणार, रेघा कुठे फाकल्या, वळणावर पातं कुठे घसरलं. रेघ काही झग्याआड लपत नाही. शिवाय मॅज पोटरीपर्यंतचाच झगा घालायची.

तिकडे बंदी झाली, तरी ब्रिटनच्या स्पर्धेत ती पुरुषांबरोबर उतरत राहिली. 1903 मध्ये जिंकली, 1904 मध्येही जिंकली, आणि त्या वर्षी तिनं ज्यांना हरवलं त्यांत तिचा नवरा एडगरही होता. याच एडगरनं तिला ताठ इंग्लिश शैली सोडून मोकळं स्केटिंग करायला लावलं होतं. चांगलं येत असताना ते मोडून नव्यानं शिकणं सोपं नसतं. तुझे हात अजून आखडतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

1906 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती तिनंच जिंकली. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाचही परीक्षकांनी तिला पहिलं ठरवलं; जोडीत एडगरसह कांस्यही मिळालं. पुढे तब्येतीनं साथ दिली नाही. 1917 मध्ये, अवघ्या 35 व्या वर्षी ती गेली.

तेव्हा खुल्या गटात नाव दे. मुलींच्या गटासाठी आयोजकांना लेखी अर्जही कर, तोंडी सांगून भागणार नाही. येताना नियमपुस्तिका आण, वयोगटाची कलमं आपण सोबत वाचू. आणि डाव्या पायाची वळणं रोज कर, कंटाळा आला तरी.

तुझा,
सर