मोठा टर्बो आणि 20 लाखांचा विमा

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 41, हातात पगार 1 लाख 15 हजार, पत्नी घर सांभाळते, मुलगी 9 वर्षांची. गृहकर्जाचे 38 लाख बाकी, हप्ता 37 हजार. दारात 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडी. तिला मोठा टर्बो, इंटरकूलर, डाउनपाइप, कॉइलओव्हर आणि ईसीयू रीमॅप करायचंय, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची आणि सस्पेन्शन बदलायचं; खर्च साडेचार लाख. ते विचारतात, 14 टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ की एन्डोमेंट पॉलिसीवर (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) कर्ज काढू? पॉलिसी पत्नीच्या मामेभावाने दिलेली: वर्षाला 1 लाख 20 हजार, मुदत 20 वर्षं, पाच हप्ते भरलेत, विमा 20 लाखांचा, 'शेवटी 40 लाख नक्की'. जाता जाता एक ओळ: 'दुसरा विमा काढलेला नाही.'

त्या एका ओळीवर मी थांबलो.

उद्या तुम्हाला काही झालं तर 20 लाख आणि साठलेला बोनस येईल. ते सगळं बँकेला दिलं तरी मोठं कर्ज उरतं. मुलीच्या शिक्षणाला आणि घरखर्चाला शून्य. यासाठी तुम्ही महिन्याला 10 हजार मोजताय! तुमच्या वयाच्या निर्व्यसनी, निरोगी माणसाला दीड कोटीचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) साधारण 25-30 हजारांत वर्षभर मिळतो. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही.

'40 लाख नक्की' याचंही गणित करू. 20 वर्षांत भरणार 24 लाख, मिळणार 40. परतावा पाच टक्क्यांच्याही आत. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते तर 53 लाखांच्या आसपास झाले असते, तेही करमुक्त. शिवाय त्या 40 मधला बराचसा भाग बोनसचा, म्हणजे विमा कंपनी वेळोवेळी जाहीर करते त्या रकमेचा असणार, आणि पुढचा बोनस कुणी लिहून देत नाही. मामेभावाला विचारा, 'नक्की' हा शब्द पॉलिसीच्या कागदावर कुठे छापलाय?

पॉलिसीवर कर्ज हा पर्याय तर नाहीच. सहा लाख भरलेत, सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडली तर हाती येणारी रक्कम) तीन लाखांच्या आगेमागे असेल आणि कर्ज त्याहूनही कमीच मिळतं. साडेचार लाख येणार कुठून?

उरलं पर्सनल लोन. चार वर्षं, हप्ता 12,300. गृहकर्जासकट हप्ते 49 हजारांवर जातात आणि साडेचार लाखांचे पार्ट 5 लाख 90 हजारांना पडतात. 'पार्ट टाकले की गाडीची किंमत वाढेल' असंही तुम्ही लिहिलंय. नाही वाढणार. वीस वर्षांची आरएस घेणारा शौकीन आधी विचारतो, गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, आहे का.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. दंड दर बदलामागे 5 हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता इंजिनात बदल केलात आणि ताम्हिणीत गाडी ठोकलीत, तर क्लेम अडकलाच म्हणून समजा. पुनर्नोंदणीच्या वेळी आरटीओ तपासणीही आहेच.

तरी गाडीवर जीव आहे, हे मला कळतं. माझ्याकडेही एक जुनी बुलेट आहे. तिच्या खर्चाचा हिशेब मी बायकोला दाखवत नाही. तर 60-70 हजार बाजूला काढा: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टर्बोचे होज, ब्रेक, टायर. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि तिथेच लाखभर जातात. 150 बीएचपीची गाडी आहे, अशीही ती 200 ओलांडते. एक्स्प्रेस-वेवर मर्यादा 100 ची. हे पैसे नोकरीतल्या बोनसमधून किंवा महिन्याच्या बचतीतून यावेत, कर्जातून नको.

आता क्रम. आधी टर्म प्लॅन, वैद्यकीय तपासणी करून, काहीही न लपवता. तो हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग विमा कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी मुदतीपर्यंत ठेवणं), दोन्हींचे आकडे लेखी घ्या. पेड-अपमध्ये 20 लाखांचे 5 लाख होतील, अधिक साठलेला बोनस. बहुधा तेच बरं पडेल. पुढचे 1 लाख 20 हजार मोकळे झाले की टर्मचा हप्ता वजा जाता 90 हजार उरतात. त्यातून आधी सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी.

आणि पेड-अपचा अर्ज शाखेत स्वतः नेऊन द्या, पोचपावती घ्या. मामेभावाच्या हाती नको.