‘मॅडम, तो व्हिडिओ त्याच्या डोक्यातून जाईल ना?’

मुलगा बारा वर्षांचा, सातवीतला, राहायला डोंबिवलीत. सोसायटीच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी गर्दीच्या लोकलमधून माणूस पडतानाचा व्हिडिओ टाकला. खाली ‘जनहितार्थ’. मॅच किती वाजता आहे ते बघायला मुलाने आईच्या फोनवर ग्रुप उघडला आणि तो व्हिडिओ पाहिला. तीन आठवड्यांनी आई माझ्याकडे समुपदेशनाला दोन प्रश्न घेऊन आली. हे त्याच्या डोक्यात कायमचं बसणार का? आणि नंतर त्याने तो व्हिडिओ लपून चार-पाचदा पाहिल्याचं कळलं, म्हणजे त्याच्यात काही विकृती आहे का? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घरात भांडणं त्यावरूनच होत होती. असा व्हिडिओ मुलं पुन्हा पाहतात ती बहुधा मजा म्हणून नाही. खरंच तसंच झालं का, तो माणूस वाचला का, या वेळी तरी न घाबरता बघता येतंय का, हे ती तपासत असतात. पाहताना पोटात गोळा येत असेल, हात गार पडत असतील, तर ती विकृती नव्हे, भीतीच आहे. मात्र दर वेळी पाहिल्यावर चित्र अधिक ठसतं, म्हणून ते थांबवायला हवंच. रागावून ते थांबत नाही. या घरात आईने फोन काढून घेतला होता आणि बाबा म्हणाले होते, ‘एवढं काय त्यात, मोठा झालास आता.’ मुलाने यातून एकच शिकायचं ते शिकलं: पुढच्या वेळी सांगायचं नाही.

‘विसरून जा’ हा सल्लाही उलटतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगितल्यावर माणसं त्याचाच विचार करत बसतात, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्येच दाखवून दिलं आहे.

पहिल्या भेटीत ‘व्हिडिओत काय होतं ते सगळं सांग’ असं विचारत नाहीत. विचारायचं ते एवढंच: कोणता क्षण परत येतो? चित्र येतं की आवाज? तेव्हा अंगात कुठे कळतं? आणि तुला काय होईल असं वाटतं? या मुलाला चित्रापेक्षा आवाज छळत होता. शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘बाबा पण दारातच उभे असतात.’ गाठ इथे होती. संध्याकाळी सातपासून तो बाबांना दर दहा मिनिटांनी फोन करत होता, ते घरी आल्याशिवाय जेवत नव्हता, आणि आईला वाटत होतं की त्याला फोनचं व्यसन लागलंय.

इथे पहिलं काम बाबांचं. ‘मला काही होत नाही’ हे आश्वासन मुलाला पटत नाही, कारण ते खरं नाही हे त्याने पाहिलंय. त्यांनी दारात उभं राहणं सोडलं, गर्दीची गाडी सोडून पुढची धरायला लागले आणि तसं मुलाला सांगितलं. मग फोनचा नियम ठरला: गाडीत चढल्यावर बाबांचा एक मेसेज, डोंबिवलीला उतरल्यावर एक, मध्ये फोन नाही. दोन आठवड्यांनी चढतानाचा मेसेज बंद केला. दर फोनने पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा खात्री करावीशी वाटते. ही साखळी एकदम तोडली तर मूल कोसळतं, म्हणून कडी कडी सोडवायची.

डोक्यातल्या चित्रासाठी एक जुनी युक्ती वापरली. समाजमाध्यम कंपन्यांसाठी भयंकर मजकूर तपासणारे कर्मचारी त्रास कमी व्हावा म्हणून व्हिडिओ कृष्णधवल, लहान आणि आवाज बंद करून बघतात. मुलाने डोळे मिटून मनातल्या मनात तेच केलं: आधी आवाज बंद, मग रंग काढले, मग चित्र काडेपेटीएवढं करून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. रोज दुपारी दहा मिनिटं, झोपताना नाही. भीतीच्या स्वप्नांसाठी वेगळी वही: स्वप्न दोन-तीन ओळींत लिहायचं, शेवट स्वतःला हवा तसा बदलायचा आणि बदललेलंच दिवसा मनात फिरवायचं. इथे आई-बाबांनी शेवट सुचवू नये, तो मुलाचाच लागतो.

तो लोकलमध्ये बसायचंच टाळत होता. म्हणून रविवारी सकाळी आधी नुसता फलाट, पिवळ्या रेषेच्या बराच मागे, तीन-चार गाड्या जाईपर्यंत. पुढच्या रविवारी धीम्या गाडीने ठाकुर्लीपर्यंत एकच स्टेशन. मग ठाणे. भीती शिगेला असताना परत फिरायचं नाही, ती थोडी उतरेपर्यंत थांबायचं. पालक इथे घाई करतात आणि पहिल्याच दिवशी दादरला नेतात.

फोनमधलं काम अर्ध्या तासाचं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून मीडिया ऑटो-डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद. अँड्रॉइडवर चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद, म्हणजे व्हिडिओ गॅलरीत उतरत नाही. ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर. व्हिडिओ चॅटमधून काढला तरी त्याची प्रत गूगल फोटोजमध्ये राहू शकते, आणि तिथून काढली तरी ती ट्रॅशमध्ये राहते, बॅकअप असेल तर ६० दिवस; तिथूनही काढा. या मुलाने नंतरच्या वेळा तिथूनच पाहिलं होतं.

आईने नेटवर ‘पीटीएसडी’ (भयंकर घटनेनंतर जडणारा मानसिक ताणाचा विकार) वाचलं होतं. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेनुसार, कामाचा भाग नसेल तर केवळ पडद्यावर पाहिल्याने ते निदान होत नाही. म्हणजे त्रास खोटा, असं नव्हे. बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर ज्यांनी रोज सहा किंवा अधिक तास त्याचं वार्तांकन पाहिलं, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती.

आणि पहिला प्रश्न, कायमचं राहणार का? आठवण राहते, तिची धार जाते. बहुतेक मुलांत काही आठवड्यांत झोप आणि भूक रुळावर येते. महिना उलटूनही झोप बिघडलेली असेल, मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, शाळा टाळत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. स्वतःला इजा करण्याचं बोललं तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कुणा मोठ्या माणसाने मुद्दाम अश्लील काही दाखवलं असेल तर प्रकरण पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं आहे: १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. त्यात लहान मुलांचं लैंगिक चित्रण असेल तर ‘पुरावा’ म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ लिहून पोलिसांना द्या.

राहिला ग्रुप. बाबांनी तिथे लिहिलं, ‘या ग्रुपवर मुलं आहेत. अपघाताचे व्हिडिओ टाकू नका, सूचना शब्दांत लिहा.’ दोघांनी ‘अहो, जागृतीसाठी होतं’ म्हणून वाद घातला. अ‍ॅडमिनने मॅचच्या वेळा कळवायला वेगळा ग्रुप काढला, ज्यात फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतात.