‘खुन्याची पोर’ म्हणावं की ‘अनाथ’?

हडपसरच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: तिसरीच्या वर्गात मामाकडे राहणारी एक मुलगी नव्यानं आली आहे. वडिलांनी आईचा खून केला, ते येरवड्याच्या तुरुंगात आहेत. डबा खाताना मुलं तिला ‘खुन्याची पोर’ म्हणतात, शिक्षक आपसात ‘अनाथ’ म्हणतात. यातलं बरोबर कोणतं?

ताई, पहिल्या प्रयोगात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. ‘सुताराची पोर’, ‘गवळ्याची पोर’ ही आपली जुनीच घडण आहे. बापाचा धंदा सांगितला की घर कळतं, कारण धंदा अख्ख्या घराचा असायचा. ‘खुन्याची पोर’ म्हणताच एका माणसाचं कृत्य त्याच साच्यात बसतं आणि घराण्याचा धंदा होऊन जातं. मग ‘खाण तशी माती’, ‘रक्तातच असणार’ हे ओघानंच येतं. इंग्रजांनी तर १८७१ साली तसा कायदाच करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, ‘विमुक्त’ हा शब्द आला. पण पारध्याचं पोर बाजूला येऊन बसलं की लोक आजही पिशवी जवळ ओढतात.

पुण्यात हे फार जुनं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ठपका राघोबादादा आणि आनंदीबाईंवर आला. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना पाठ असतो, पण त्यांच्या मुलाचं कुणी बोलत नाही. दुसरा बाजीराव जन्मला जानेवारी १७७५ मध्ये, धारला. म्हणजे खून झाला तेव्हा तो या जगातच नव्हता. तरी त्याचं लहानपण नजरकैदेत गेलं. त्यामागं वारशाचं राजकारण होतंच, पण १७९६ साली पेशवाईची वस्त्रं मिळाल्यावरही मारेकऱ्यांचा मुलगा ही ओळख सुटली नाही. त्याच्या कारभाराला जरूर नावं ठेवावीत, पण त्याच्या स्वतःच्या करणीसाठी.

उलट वाल्याची गोष्ट पाहा. माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का, असं तो बायकापोरांना विचारतो आणि ती ‘नाही’ म्हणतात. लहानपणी आपल्याला ती पोरं कृतघ्न वाटतात. मला आता वाटतं, त्या गोष्टीत सगळ्यांत स्वच्छ बोललं असेल तर त्या पोरांनी. ‘वाटेकरी’ हा शब्द तुमच्या वर्गाला जरूर शिकवा.

‘अनाथ’ हाही इथं बसत नाही. नाथ म्हणजे सांभाळणारा, आणि तिला मामा आहे. शिवाय ऐकणारा ‘आईबाप दोघं गेले’ असं समजतो आणि मुलीवर खुलासा करायची वेळ येते. ‘पोरकी’ मात्र खरा आहे. आईबाप हयात असूनही माणूस पोरका होतो. नेता गेला की गाव पोरकं होतं. मायेचं छत्र गेलं, एवढंच तो शब्द सांगतो. कुणामुळे गेलं ते विचारत नाही. पण तिची अवस्था सांगायची असेल तेव्हाच तो वापरावा, हाक म्हणून नव्हे.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ ही ओळ आपल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ ठशासारखी तयार असते. संशय कुणाचा, ते तिच्यात नाही. ‘वरून’ लागला की संशय हेच खुनाचं कारण ठरतं, आणि गेलेल्या बाईचं चारित्र्य मथळ्यात चढतं. ही मुलगी उद्या वाचायला लागेल तेव्हा आईबद्दल छापलेलं तिला एवढंच सापडेल. ‘पतीने पत्नीचा खून केला’ या वाक्यात काहीही कमी पडत नाही. ‘नराधम बाप’ही मला नको वाटतो. तो शब्द छापला की रोज भिंतीपलीकडून मारहाण ऐकणारे शेजारी मोकळे होतात.

शाळेपुरतं सांगायचं तर हजेरीपटावर पालक म्हणून मामांचं नाव लिहा. कुणी चौकशी केली तर ‘ती मामाकडे राहते’ हे पूर्ण उत्तर आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्यातल्या पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख बातमीतून उघड करायला मनाई आहे. कुणी वार्ताहर शाळेत आलाच तर त्याला हे दाखवा. आणि वर्गात बोलणं अटळ झालं तर कर्ता जागेवर ठेवून बोला: ‘तिच्या वडिलांनी गुन्हा केला, त्याची शिक्षा ते भोगताहेत.’