तो टेक पुसू नकोस

चि. गिटारवालीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकली. एक शनिवारी रात्रीचं, गच्चीवरच्या खोलीतलं. दुसरं बुधवारी 'काका, आता नीट साफ केलंय' म्हणून पाठवलेलं. पहिल्यात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तुझा ड्रमर पोरगा जोरात 'हां!' ओरडतो, खाली कुणीतरी लोखंडी दार ओढतं, आणि तुझं बोट तारेवरून घसरून एक खरखर उमटते. बुधवारच्यात यातलं काहीच नाही. ड्रमचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर सरकवून जागच्या जागी बसवलाय, गळ्याला इस्त्री केलीय. दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला साडी नेसवावी तसं झालंय. निऱ्या अगदी चापूनचोपून, फक्त आत कुणी नाही.

तू विचारलंस, प्रोफेशनल वाटतं का? वाटतं. म्हणून तर पत्र लिहायला बसलो.

शिवाय तुला रॉकमधल्या 'ऐकायलाच हव्यात' अशा दहा गाण्यांची यादी हवी होती. यादी काय, कुठेही मिळेल. मी तुला जागा सांगतो. आपण मैफिलीतून घरी येताना म्हणतो ना, बुवांनी काय जागा घेतली, तशा जागा. हेडफोन लावून ऐक. फोनच्या स्पीकरवर त्या सापडायच्या नाहीत.

सुरुवात तू परवा वाजवत होतीस त्याच, डीप पर्पल या बँडच्या, 'स्मोक ऑन द वॉटर'पासून करू. त्यातली गोष्ट अक्षरशः घडलेली आहे. 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो गाव, जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा कसिनो. तिथे फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्यासाठी जळता गोळा उडवायची बंदूक, छताकडे उडवली आणि अख्खा कसिनो पेटला. माणसं वाचली. तिथल्या जॅझ महोत्सवाचा क्लोद नोब्ज स्वतः धावपळ करून पोरांना बाहेर काढत होता, त्याचं नाव गाण्यात आलंय. आता यात डीप पर्पलचा काय संबंध? तर त्यांचं पुढचं रेकॉर्डिंग त्याच कसिनोत व्हायचं होतं. रोलिंग स्टोन्स या बँडच्या मालकीचा फिरता स्टुडिओ, म्हणजे एक ट्रक, त्यासाठी भाड्याने आणलेला. आणि आता हे सगळे सरोवरावर पसरलेला धूर बघत बसलेले.

मग त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. गाव झोपलेलं आणि हे मध्यरात्री पूर्ण आवाजात वाजवतायत. शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले. आत या गाण्याच्या रिफचा, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणाऱ्या त्या सुरावटीचा, टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) चालू होता आणि बाहेर बँडची सामान वाहणारी पोरं दार आतून दाबून धरून उभी. टेक संपल्यावरच दार सोडलं. तिथून हकालपट्टी झाली आणि मंडळी ग्रँड हॉटेलात गेली. हिवाळ्यामुळे ते बंदच होतं. गाद्या उभ्या करून कॉरिडॉर अडवला, तिथेच वाद्यं मांडली. वाजवलेलं ऐकायचं तर ट्रकपर्यंत खोल्यांतून, बाल्कन्यांतून वळसा घालून जायचं, तेही थंडीत. थोड्याच दिवसांत त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. वाजवताना बरं वाटलं की पुढचं गाणं. तू एका संध्याकाळी एकच ओळ चाळीस वेळा ऐकतेस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बरं, हे गाणं गाजेल असं त्यांना फारसं वाटलंही नव्हतं. अल्बम 1972 मध्ये आला, अमेरिकेत सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची वेगळी तबकडी, 1973 मध्ये, आणि ते तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

आता तुझ्या वाजवण्याबद्दल. तू ती रिफ जाड्या कॉर्डने (एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुळणीने), पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने, वरून खाली ओढत वाजवतेस. वीस वर्षं मीही तशीच वाजवली, गॅदरिंगमध्ये टाळ्याही घेतल्या. ती तशी नाही. सुरांत सांगायचं तर ती अशी: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. परत सा, कोमल ग, म, आणि कोमल ग वरून सा. हार्मोनियमवर पाच मिनिटांत बसेल. गंमत खालच्या सुरात आहे. डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर प्रत्येक सुराखाली चौथा सूर लावतो, म्हणजे सा वाजताना खाली मंद्र पंचम. तंबोऱ्याची जोडी आणि पंचम एकदम छेडल्यासारखं. आणि तो पिक वापरत नाही, दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी उचलतो. पिकने ओढलं की एक तार आधी वाजते, दुसरी किंचित मागून, आणि तिथेच तो ठोसा जातो. करून बघ. पहिले दोन दिवस बोटं दुखतील.

दुसरी जागा बॉब डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'मधली. 16 जून 1965, न्यूयॉर्क. अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा निर्माता टॉम विल्सनचा पाहुणा म्हणून नुसता बघायला आलेला. मनात मात्र आपणच गिटार वाजवायची. तेवढ्यात गिटारवाला माइक ब्लूमफील्ड आला, त्याने दोन मिनिटं तारा छेडल्या आणि कूपरने आपली गिटार मुकाट्याने पेटीत ठेवली. पुढे ऑर्गनवाल्याला पियानोवर बसवलं, ऑर्गन रिकामा झाला, आणि हा जाऊन बसला. ऑर्गन त्याचं वाद्य नव्हे. ते सुरू कसं करतात हेही त्याला ठाऊक नव्हतं, नशिबाने आधीपासून चालूच होतं.

ऐक आता. प्रत्येक कॉर्डला ऑर्गन केसभर मागून येतो. कारण सोपं आहे: बाकीचे कुठे जातात हे ऐकल्याशिवाय त्याला बोट ठेवायचं धाडस होत नव्हतं. आपल्याकडे हार्मोनियमचा साथीदार गायकाच्या मागोमाग जातो, त्याची हरकत संपता संपता तीच उचलतो, तसं काहीसं. फक्त आपला साथीदार हे वर्षानुवर्षांच्या तालमीने करतो आणि कूपरने ते भीतीने केलं. टेक ऐकताना डिलन म्हणाला, ऑर्गनचा आवाज वाढवा. विल्सन म्हणाला, अरे तो ऑर्गन वाजवणारा नाहीये. डिलनला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. आवाज वाढला. सहा मिनिटांवरचं गाणं, रेडिओला तीन मिनिटांच्या गाण्यांची सवय, तरी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

या प्रसंगात सगळे कूपरचं कौतुक करतात. मला डिलनचा कान मोठा वाटतो. चूक करायला कुणीही करतं. ती ऐकून 'राहू दे, उलट वाढव' म्हणणारा खोलीत असावा लागतो. तुमच्या चौघांत तो कोण आहे, हे एकदा बसून ठरवा. बहुतेक तुमचा बेसवाला असेल, तो बोलत नाही पण ऐकतो.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या पत्रातलं अर्धं पान पेडलच्या (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांच्या) किमतींनीच भरलं होतं. 1964 मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने, वय वर्षं सतरा, आपल्या छोट्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. 'यू रिअली गॉट मी'चा तो फाटका आवाज तिथून आला. (तू तुझ्या अँपला ब्लेड लावू नकोस. हप्ते बाकी आहेत.) ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला, बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली, तीही डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हाताची, म्हणजे तारा दाबायच्या हाताची. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा उतरवून सैल केल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, खालचा आवाज काही अंशी त्या बोटांची सोय आहे.

आता तू म्हणशील, म्हणजे काका, कच्चंच ठेवायचं का सगळं? नाही गं. इथेच पोरं घसरतात. आळसाला 'फील' म्हणतात.

क्वीन बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घे, 1975 मधलं. ज्याने ते लिहिलं तो फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँड त्याने तिथेच काढला. महाबळेश्वरला जाताना लोक स्ट्रॉबेरीसाठी थांबतात, मी त्या शाळेच्या दिशेने हात जोडतो. तर त्या गाण्यातला ऑपेराचा जमाव म्हणजे तीन माणसं: मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर. तेच तिघे पुन्हा पुन्हा गाऊन आवाजावर आवाज चढवत गेले. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि ती उजेडात धरली तर आरपार दिसायला लागली. यात अपघात कुठेच नाही, नुसती मेहनत. आणि याच मेची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून. म्हणजे हाताशी मिळेल त्यातून करणं आणि झिजेपर्यंत घासणं, दोन्ही एकाच बँडमध्ये.

मग ठेवायचं काय आणि घासायचं काय? मला याचं सूत्र सांगता येत नाही. एक जागा ऐकवतो. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', 1969. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्री मेरी क्लेटनला फोन गेला: एका गाण्यासाठी बाईचा आवाज हवाय. ती गरोदर होती, झोपायच्या तयारीत, केसांना कर्लर लावलेले. तशीच गेली. गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाच्या आसपास ती वर चढते, पुन्हा चढते, आणि आवाज फाटतो. एकदा नाही, पुन्हा. नीट कान दे, मागे कुणीतरी दाद देऊन ओरडलेलं ऐकू येतं. ते कुणी पुसलं नाही.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे. त्यानंतर थोड्याच काळात तिचं पोटातलं बाळ गेलं आणि पुढे कित्येक वर्षं तिला ते गाणं ऐकवेना. आपण त्या फाटलेल्या आवाजाला वाहवा करतो तेव्हा मला हे आठवतं, आणि जरा गप्प बसावंसं वाटतं.

पिंक फ्लॉइड या बँडसाठी 1973 च्या जानेवारीत क्लेअर टोरी नावाची गायिका आली. शब्द नाहीत, नुसता आलाप कर म्हणाले. तिने गाऊन झाल्यावर आपण जरा जास्तच केलं असं वाटून माफी मागितली, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. 'द ग्रेट गिग इन द स्काय' तिच्याशिवाय काय आहे? संगीतकार म्हणून तिचं नाव लागायला 2005 उजाडलं, आणि त्यासाठी कोर्टात जावं लागलं. तुझ्या गाण्यात ती कॉलेजमधली मैत्रीण शेवटी जे आ-कारात गाते ना, तिचं नाव आत्ताच लिहून ठेव. वाटा किती तेही. मैत्री आहे तोवरच कागद करायचा असतो.

आता माझं. आमचा बँड होता तेव्हा आम्ही तासाच्या भाड्यावर एक स्टुडिओ घेतला होता. पहिल्या टेकमध्ये मी सोलोत एक तार चुकून मोकळी वाजवली आणि ती पुढचे चार ठोके गुणगुणत राहिली. बाकीचे हसत हसत वाजवत राहिले, ते हसणं वाजवण्यात उतरलं. मी मात्र हट्ट धरला, परत घ्यायचं. टेप महाग, म्हणून त्याच टेपवर वरून घेतलं. दुसरा टेक बिनचूक झाला. त्याची कॅसेट कपाटात आहे, मी ती दोनदासुद्धा ऐकलेली नाही. आमचा ड्रमर पुढे नोकरीसाठी आखातात गेला, आणि भेटला की अजून विचारतो, ती पहिली कुठे असेल रे? कुठे असणार. दुसरीच्या खाली.

शेवटची जागा आपल्या घरची. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमसाठी आपल्याकडच्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं, संतूरवर शिवकुमार शर्मा होते. त्याच दिवसांत 'द इनर लाइट'चं संगीतही तिथेच झालं, आणि ते बीटल्सच्या सिंगलवर गेलं. एवढा श्रीमंत बँड, आणि स्टुडिओला बाहेरचा आवाज अडवायची सोय नाही. हॅरिसननेच पुढे सांगितलं की नीट ऐकलं तर मागे टॅक्सी जाताना ऐकू येतात. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा इतका गलका व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवायला लागायचं. चर्चगेटची गाडी पकडायला निघालेली ती माणसं असणार. आपल्या घाईपायी कुणाचा टेक अडलाय हे त्यांच्या गावीही नसेल.

तेव्हा शनिवारचं रेकॉर्डिंग परत पाठव. खरखर वाटल्यास काढ, ती नुसती खरखरच आहे, तिच्यात काही नाही. तिसऱ्या ओळीत तुझा सूर उतरलाय, तेवढी ओळ पुन्हा गा, पण त्याच खोलीत आणि त्याच वेळी. लोखंडी दार राहिलं तरी चालेल, योगायोगाने ते समेवर पडलंय. आणि ड्रमरचं ते 'हां!' मात्र होतं तिथे परत ठेव. त्याला सांगू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी मुद्दाम ओरडेल.

तुझा,
काका